नाव कुठं घातलंस?

जांभळं आली. बदलापूर स्टेशनबाहेर आदिवासी बाया पाटीत हिरवी पानं अंथरून बसतात. वर टपोरी, काळीभोर, पाण्याचा हात फिरवलेली जांभळं. कामावरून परतणारी माणसं द्रोण घेतात, चालता चालता खातात आणि घरी पोचेपर्यंत जीभ रंगवून बसतात. मीही घेते. माझ्या मुलीला, सम्यकाला, फार आवडतात. पण पहिलं जांभूळ तोंडात टाकलं, तो तुरट गर टाळ्याला चिकटला, की तो एक उन्हाळा आणि त्याला लागून आलेला पावसाळा मला पुन्हा जसाच्या तसा भेटतो. पायांवरची सूज. नळाला दुपारी येणारं कढत पाणी. जिन्यात कोंडलेला फोडणीचा वास. आणि भेटेल त्याच्या तोंडी असलेला तो प्रश्न. "नाव कुठं घातलंस?"

यंदा जांभळांच्या पाठोपाठ तो प्रश्नही आला. धाकट्या बहिणीचा, करुणाचा, अंबरनाथहून फोन होता.

"ताई, तिसरा महिना संपला. आता सगळे डोकं खातायत, नाव कुठं घातलंस, नाव कुठं घातलंस. सासूबाई एक सांगतात, ह्यांचा मित्र दुसरंच सांगतो. तू सांग ना. तुला सगळं माहितीये."

मी फोन कानाला धरून गॅलरीत उभी राहिले. काय माहितीये मला?

बाळाला अजून नाव नसतं, चेहरा नसतो. पण त्याच्या आईचं नाव कुठल्या तरी दवाखान्यात घालून ठेवावं लागतं. एकदा ते घातलं की घरातले सगळे सुटल्यासारखे होतात. जणू अर्धं बाळंतपण झालंच. आणि जोवर घातलं नाही तोवर प्रत्येकाला वाटत राहतं, की आपण सांगितलेल्या ठिकाणी घातलं तर बरं होईल.

आमच्या घरात तेव्हा असंच झालं होतं. माझी आई विठ्ठलवाडीला राहायची. आजही राहते. चाळीतल्या खोलीत जीन्सच्या पँटींचा ढीग समोर घेऊन ती त्यांचे लोंबणारे धागे कापत बसायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, कापून झाले की परत जायचे. तिच्या बोटांना कायम निळा रंग. मी गेले की ती कातर खाली न ठेवताच बोलायची.

"तुम्ही दोघी उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात झालात. काय वाईट झालं? मोठा दवाखाना आहे, डॉक्टर कायम हजर असतो. तिथंच घाल नाव. मी डबा घेऊन चालत येईन."

नितीन, माझा नवरा, अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. त्याचं म्हणणं उलट. "मोठ्या प्रायव्हेटमध्ये जाऊ. काही झालं तर सगळं तिथल्या तिथं असतं."

काही झालं तर. हे तीन शब्द त्या उन्हाळ्यात आमच्या घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखे होते. चहा पिताना होते, जेवताना होते, पंख्याखाली आडवं पडल्यावर होते. वाक्य तिथंच थांबायचं. काय झालं तर, हे कुणीच म्हणत नव्हतं. मीही नाही.

रेश्मा माझ्या समोरच्या दारात राहायची. आम्ही बदलापूरला, मांजर्लीत नवीनच फ्लॅट घेतला होता. नदी तिथून फार लांब नाही. तळमजल्याच्या भिंतींवर जुन्या पुराच्या पाण्याची रेघ रंगाखालूनही दिसायची. रेश्माशी ओळख होती ती कचऱ्याच्या डब्यापुरती, लाइट गेली की "तुमच्याकडं पण गेली का" एवढ्यापुरती. थंडी संपायच्या आधीच एका सकाळी खालच्या मजल्यावर कुणीतरी सुके बोंबील भाजायला घेतले. मी ओढणी नाकाला लावून दार उघडून बाहेर धावले, तर समोरचंही दार उघडलं आणि रेश्मा तशीच, गाऊनचा गळा नाकावर ओढून उभी. आम्ही एकमेकींकडं बघितलं.

"तुला पण?" तिनं विचारलं.

"हो."

ती जिन्यात मटकन बसली आणि हसायला लागली. "अगं, मी महाडची. बोंबलांवर वाढलेली. आणि हे बघ माझं बाळ, आत्तापासून माळकरी निघालंय!"

तिचं हसणं जिन्यातून खालपर्यंत जायचं. खालचे काका वर बघायचे.

तिचे दिवस माझ्यापेक्षा थोडे मागे होते. तेव्हापासून आम्ही जोडीनं उलट्या केल्या, जोडीनं कैऱ्या खाल्ल्या, जोडीनं जांभळांवर मीठ टाकून जिन्यात बसून संपवली. ती डोंबिवलीला एका बँकेत होती. काउंटरवर बसून माणसं ओळखायची सवय लागलेली. नाव कुठं घालायचं हे ठरवायला आपण दोघींनीच फिरायचं, हे तिनं ठरवलं. "पुरुषांना काय कळतंय? ते लिफ्ट आहे का बघतात."

शनिवारी सकाळी आम्ही रिक्षा करून निघायचो. दोन पोटुशा बाया एका रिक्षात, खड्डा आला की दोघींचे हात एकदमच पोटाकडं जायचे. रिक्षावाला आरशात बघून वेग कमी करायचा.

अंबरनाथकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं ते मोठं हॉस्पिटल पहिल्यांदा बघितलं तो दिवस मला आठवतो. बाहेर ऊन भाजत होतं आणि काचेचं दार सरकल्याबरोबर अंगावर थंडगार हवा आली. एका भिंतीला माशांची पेटी होती. भिंतींवर गोबऱ्या, गोऱ्या बाळांचे फोटो होते, आपल्याकडच्या कुठल्याच बाळासारखी न दिसणारी बाळं. काउंटरवरच्या मुलीनं आमच्याकडं न बघता विचारलं, "मॅडम, नॉर्मल का पॅकेज चाहिए या सिझर का?"

"ते आत्ताच कसं सांगणार?" मी म्हणाले.

रेश्मानं मात्र तिला सोडलं नाही. भूल देणारे डॉक्टर इथेच असतात की बोलवावे लागतात? रक्त लागलं तर कुठून येतं? लहान बाळांसाठी काचेची पेटी आहे का? ती बघायला मिळेल का? शेवटी एक सिस्टर आम्हाला वर घेऊन गेली आणि बंद दाराच्या काचेतून पेट्या दाखवल्या. आत निळसर उजेड होता. एका पेटीत काहीतरी हललं. अंगठ्याएवढं पाऊल होतं ते. रेश्मानं काचेवर कपाळ टेकवलं आणि कितीतरी वेळ ते काढलं नाही.

उल्हासनगरला आम्ही आईबरोबर गेलो. आई रस्ता दाखवत पुढं, आम्ही मागं. बाहेर चहाच्या टपऱ्या, मोसंबी विकणारे, गोधडीत गुंडाळलेली बाळं घेऊन रिक्षा शोधणाऱ्या आज्या. सिंधी, मराठी, हिंदी असा सगळा एकत्र गलका. आई एका खिडकीकडं बोट दाखवून म्हणाली, "तिथं होते मी. तू झालीस तेव्हा पलीकडच्या खाटेवर एक सिंधी बाई होती. तिनं मला डिंकाचा लाडू दिला होता." आईच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की ती गर्दी मला एकदम ओळखीची वाटली. पण नितीनला हे मी कसं सांगणार होते?

आणि तिसरा, डॉक्टर बाईंचा दवाखाना. आमच्याच बाजूला, स्टेशनकडं जाताना एका किराणा दुकानाच्या वर. जिना अरुंद, पण चढ सोपा. खालून तूरडाळीचा आणि साबणाचा वास वर यायचा. डॉक्टर बाईंचे केस पांढरेशुभ्र, हात मात्र गरम आणि भरलेले. त्यांनी पोटावर हात ठेवला की बाळ हलायचंच. त्यांनी मला तपासता तपासता विचारलं, "भीती कसली वाटते?" त्या अख्ख्या उन्हाळ्यात मला हे विचारणाऱ्या त्या एकट्याच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी विषय वाढवला नाही, फक्त हात जरा जास्त वेळ तसाच ठेवला.

रेश्मानं त्यांनाही सोडलं नाही. "बाळाला पेटी लागली तर?"

"माझ्याकडं पेटी नाही. उल्हासनगरला नाहीतर कल्याणला पाठवते. मी स्वतः बरोबर जाते."

"आणि रस्त्यात पाणी भरलेलं असलं तर?"

डॉक्टर बाईंनी चष्मा काढून पुसला. "तर थांबावं लागतं," त्या म्हणाल्या.

जिना उतरताना रेश्मा म्हणाली, "बाई खोटं बोलल्या नाहीत. आवडल्या मला. पण मी इथं नाही यायची गं. मला सगळं एका छताखाली पाहिजे."

मला नेमकं उलटं वाटत होतं. जी बाई मला नाही म्हणून सांगते, तिच्या हातात जीव द्यायला मला भीती वाटणार नव्हती. हे काही शहाणपण नव्हतं. मी आत्ताही ते कुणाला पटवून देऊ शकणार नाही. नितीन आठवडाभर घुम्यासारखा वागला. आई म्हणाली, "कर तुझ्या मनाचं," आणि कातरीचा आवाज जरा वाढला. मी नाव डॉक्टर बाईंकडं घातलं, रेश्मानं त्या मोठ्या हॉस्पिटलात. आमच्या दोघींत कुणी नीट विचार केला होता असं विचारलं असतं, तर मी रेश्माकडं बोट दाखवलं असतं.

आषाढात सम्यका झाली. भर दुपारी, ढगांनी दिवसाचा उजेड पिऊन टाकलेला, दुकानाच्या पत्र्यावर पाऊस तडतडत होता. त्रास झाला, पण जेवढा सगळ्यांना होतो तेवढाच. डॉक्टर बाई "हां, अशी, शाब्बास, अजून एकदा" म्हणत राहिल्या आणि मग पत्र्याच्या आवाजावर मात करून ती रडली. नितीन दारात उभा राहून रडत होता आणि आई त्याच्या पाठीवर आपला निळा हात फिरवत होती.

रेश्मा बघायला आली तेव्हा तिला जिने चढवत नव्हते. तरी आली. खाटेवर बसून तिनं सम्यकाला मांडीवर घेतलं, म्हणजे मांडी उरलीच नव्हती, पोटावरच ठेवलं. आतून लाथ बसली. सम्यकाचं डोकं हललं.

"बघ, भांडण सुरू!" ती म्हणाली आणि हसली. खाली किराणा दुकानातल्या माणसानं वर बघितलं असणार.

थोड्याच दिवसांनी, एका सकाळी तिच्या कळा सुरू झाल्या. प्रशांतनं, तिच्या नवऱ्यानं, बॅग उचलली. मी सम्यकाला घेऊन दारात उभी होते. रेश्मा कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. वळणावर थांबून तिनं वर बघितलं आणि अंगठा दाखवला.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. मी दार उघडलं. प्रशांत एकटाच होता, तिचे कपडे न्यायला आलेला. तो कुलपाला किल्ली लावायचा प्रयत्न करत होता आणि ती लागत नव्हती. नितीननं जाऊन त्याच्या हातातून किल्ली घेतली.

"पेटी होती," प्रशांत म्हणाला. "डॉक्टर होते. सगळे होते. लगेच सिझर केलं. पण बाळाच्या आधीच वार सुटली होती म्हणे." मग भिंतीला टेकून, "मुलगा होता."

सम्यका आत रडायला लागली. मी दारातच उभी होते. शेवटी प्रशांतच म्हणाला, "वहिनी, बाळ रडतंय."

ते दिवस मला ओले आठवतात. बाहेर पाऊस आणि घरात ओलावा. माझं अंगावरचं दूध, शेपा-ओव्याची धुरी, भिंतीला आलेली बुरशी. आमच्या दोघींच्या गॅलऱ्या एकमेकींना लागून होत्या, मध्ये नुसती जाळी. रेश्मा घरी आल्यापासून मी सम्यकाचे लंगोट आणि झबली बाहेर वाळत घालणं बंद केलं. आत दोऱ्या बांधल्या. पंखा फिरायचा, लंगोट फडफडायचे, वाळायचे नाहीत. घरभर कुबट वास.

रेश्मा कुणालाच भेटत नव्हती. तिची आई महाडहून आली होती, ती दार उघडून "झोपलीय" म्हणायची. मी भाजी दिली की ती घ्यायची, डबा धुऊन परत करायची, त्यात साखर घालून. रिकामा डबा परत देऊ नये ना. मी ती साखर वापरू शकले नाही. कितीतरी दिवस ती एका वाटीत साठत राहिली.

आणि बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडं यायला लागल्या. दबक्या आवाजात. "तुझं डोकं बरोबर चाललं बघ. मोठ्या ठिकाणी नुसता दिखावा. तुझ्या त्या डॉक्टर बाईंचा नंबर दे ना, माझ्या भाचीला पाहिजे." मी नंबर द्यायचे. माझ्या मांडीवर सम्यका असायची, गुटगुटीत, हसरी. माझ्या शहाणपणाचा जिवंत दाखला. भिंतीपलीकडं रेश्मा होती आणि तिला हे ऐकू येत नसेल असं मानायला आमच्या भिंती तेवढ्या जाड नव्हत्या.

सम्यकाला पहिल्या लशीच्या वेळी डॉक्टर बाईंकडं दाखवायला नेलं, तेव्हा मी त्यांना रेश्माचं सांगितलं. त्यांना ती आठवत होती. प्रश्न विचारणारी. मी म्हणाले, "तुमच्याकडं नाव घातलं असतं तर..." मला वाटतं, मलाही कुठंतरी तेच ऐकायचं होतं.

डॉक्टर बाईंनी सम्यकाच्या टाळूवरून बोट फिरवलं. "माझ्याकडं असती तर ते बाळ गेलंच असतं. आणि तीही. वार अशी सुटली की रक्त थांबता थांबत नाही, सुजाता. तिथं होती म्हणून ती आहे. तिनं बरोबर केलं. तिला कुणी सांगितलंय का हे?"

कुणी सांगितलं नव्हतं. मी जिना उतरताना कठडा धरला. म्हणजे मी चढले तो जिना, मी निवडलेला तो जिना, नुसता माझ्यावर काही आलं नाही म्हणून चांगला ठरला होता. जिनं सगळं विचारून, काचेला कपाळ लावून ठरवलं, तिची निवड खरी ठरली होती आणि तरी तिचे हात रिकामे होते. आणि लोक माझ्याकडं पत्ता विचारत होते.

पाऊस जरा उघडला होता त्या दिवसांतली एक सकाळ. मी गॅलरीत उभी होते, जाळीपलीकडं रेश्मा आली. केस विंचरलेले नव्हते. चेहरा असा, की मोठी बहीण वाटावी स्वतःचीच. आम्ही दोघी रस्त्याकडं बघत राहिलो.

मग ती म्हणाली, "लंगोट बाहेर वाळत घाल. इथपर्यंत कुबट वास येतो. बाळाच्या अंगावर पुरळ उठेल."

"रेश्मा..."

"घाल बाहेर," ती म्हणाली आणि आत गेली.

मी घातले. एकेक करत, सगळे. त्या दुपारी ऊन पडलं आणि आमची गॅलरी पांढरी झाली. मी आत बसून रडले. डॉक्टर बाई जे म्हणाल्या ते मी तिला नंतर सांगितलं, जिन्यात बसून. तिनं ऐकून घेतलं आणि "हं" म्हणाली. बिल्डिंगमधल्या बायकांनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तरीही नंबर मागत राहिल्या.

दिवाळीनंतर रेश्मा-प्रशांतनं फ्लॅट भाड्यानं दिला आणि ते अंबरनाथला गेले. पुढं तिला मुलगी झाली, माहेरी, महाडला. फोटो पाठवला होता. आम्ही सणावारी मेसेज करतो. ती शब्दांपेक्षा फुलांची चित्रं पाठवते, मीही तशीच.

आता करुणा विचारते आहे, नाव कुठं घालू. डॉक्टर बाईंनी दवाखाना बंद केला त्याला बरीच वर्षं झाली. तिथं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पण दवाखाना असता तरी "तिथंच घाल" हे माझ्या तोंडून निघालं असतं का? बदलापूर तेव्हापेक्षा दुप्पट उंच झालंय. रस्त्यारस्त्याला हसऱ्या बाळांचे फलक आहेत. प्रत्येकावर आई आणि बाळ. मला त्यांच्याखालून जाताना नेहमी वाटतं, या फोटोत कुणीतरी नाहीये.

दोन दिवस मी करुणाला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी रेश्माला फोन केला. मेसेज नाही, फोन. तिनं उचलला तेव्हा मागे कुकरची शिट्टी होत होती. मी चाचरत सांगितलं. वाटलं, आता ती गप्प होईल. मी हे तिला का विचारते आहे, हे मलाच नीट सांगता येत नव्हतं.

"कुठंकुठं बघायचंय?" ती म्हणाली. "शनिवारी मला सुट्टी आहे. मी येते."

तर पुन्हा एका रिक्षात, या वेळी तिघी. करुणा मध्ये, आम्ही दोघी दोन्ही बाजूंना. रेश्माच्या केसांत पांढरं आलंय. ती करुणाला हसवत होती, डोहाळ्यांचं विचारत होती. पहिल्या ठिकाणी पूर्वीसारखेच प्रश्न विचारले. भूल, रक्त, पेटी. मग करुणाला सिस्टरनं वजन आणि बीपीसाठी आत नेलं. तिच्यामागे दार बंद होईपर्यंत रेश्मा थांबली. मग काउंटरवर थोडी पुढं वाकली आणि सरळ, बँकेतल्या आवाजात तिनं विचारलं,

"बाळ गेलं, तर आईला कुठं ठेवता?"

मुलगी दचकली. "मॅडम, ऐसा कुछ नहीं होता हमारे यहाँ. सगळं नॉर्मल होतं, टेन्शन नका घेऊ."

"होतं. सगळीकडं होतं. तेव्हा तिला कुठं ठेवता?"

मुलीनं आत जाऊन कुणाला तरी विचारलं. परत आली. "मॅटर्निटी वॉर्डमध्येच. बाकी पेशंटबरोबर."

"बरं," रेश्मा म्हणाली.

बाहेर बाकावर बसून आम्ही करुणाची वाट बघत होतो. समोर उसाच्या रसाचा चरक घुंगरं वाजवत फिरत होता. रेश्मा त्याच्याकडं बघत बोलली. इतक्या वर्षांत तिनं हे मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"मला चार खाटांच्या खोलीत ठेवलं होतं. तिघींजवळ पाळणे. त्यांची बाळं रडली की माझा गाऊन भिजायचा. दूध कुणाला विचारून येत नाही ना गं. सिस्टर चांगल्या होत्या, डॉक्टर पण चांगले होते. कुणी वाईट वागलं नाही. फक्त मला कुठं ठेवायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एक आजी पेढे वाटत आली. नातू झाला म्हणून. सगळ्या खाटांवर देत देत माझ्यापाशी आली. मला पण दिला."

"मग?"

"मग काय. खाल्ला मी. ती हात पुढं करून उभी होती."

मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला. करुणा बाहेर आली तेव्हा रेश्मा उठून म्हणाली, "चल, इथं नको. यांचा जिना फार उभा आहे."

दुसऱ्या ठिकाणीही तसंच झालं. करुणा आत गेली, प्रश्न गेला, "ते डॉक्टरांना विचारावं लागेल" हे उत्तर आलं. तिसरं ठिकाण अंबरनाथला, गल्लीतलं, मध्यम. ना मासे, ना फोटो. काउंटरवर कुणी मुलगी नव्हती, एक वयस्क सिस्टर सुया मोजत बसली होती. करुणाला सोनोग्राफीला आत नेलं आणि रेश्मानं विचारलं.

सिस्टरनं सुया बाजूला ठेवल्या. रेश्माकडं एकदा नीट बघितलं. तिला कळलं असावं.

"वरच्या मजल्यावर," ती हळू म्हणाली. "ऑपरेशनच्या बायका असतात तिकडं. बाळांचा आवाज येत नाही. खोली एकटीची देतो, नसली तर पडदा ओढतो. नवऱ्याला बरोबर राहू देतो. आणि बाळ बघायचं असेल तिला, तर घाई करत नाही."

रेश्मानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

"दूध उतरलं तर काय करायचं, ते सांगता?" तिनं विचारलं.

"मी सांगते. मीच सांगते."

रेश्मा माझ्याकडं वळली. "इथं घाल तिचं नाव."

तेवढ्यात करुणा बाहेर आली, ओढणी सावरत, डोळे चमकत होते. "ताई, ठोके ऐकवले मला! घोडा पळतोय असं वाटतं." मग आमच्या तोंडांकडं बघून, "काय झालं? ठरलं का?"

रेश्मानंच सांगितलं, "ठरलं. बाथरूम एकदम स्वच्छ आहे इथलं."

परतताना रिक्षात करुणानं आधी सासूला फोन लावला, मग नवऱ्याला, मग विठ्ठलवाडीला आईला. तिघांनाही तेच. "हो, हो, घातलं नाव. रेश्माताईंनी सगळं बघितलं. बाथरूम इतकं स्वच्छ आहे ना, म्हणून तिथंच घातलं."

आम्ही दोघी दोन बाजूंना बसून बाहेर बघत राहिलो. खड्डा आला. तिघींचेही हात तिच्या पोटाकडं गेले.